डी.एड. झालंय, इंग्लंडला चाललेय. तिथे शाळेत काम करत शिक्षिका होता येईल का?

वेंगुर्ल्याहून तू विचारलंयस ते थोडक्यात असं. बारावीनंतर डी.एड., टीईटी पास, तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढून आता कुठे जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम झालीस. मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलंय. नवऱ्याला बर्मिंगहॅमजवळ नोकरी मिळालीय, मुलगा सहा वर्षांचा आहे. तिकडे शाळेत मदतनीस म्हणून काम करता करता पदवी घेऊन प्राथमिक शिक्षिका होता येतं म्हणतात, ते खरं का? तिकडे एकटं वाटतं का? आणि इथली नोकरी सोडू का?

खरं आहे. मी तेच करतेय, फाउंडेशन डिग्री झाली, आता टॉप-अपचं वर्ष चालू आहे. मी देवगड तालुक्यातली, मीही डी.एड., मीही द्विशिक्षकी शाळेत होते. तुझा प्रश्न वाचल्यापासून कामात लक्ष लागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

व्हिसा, पगाराची अट, आरोग्याचा सरचार्ज हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे आणि सारखं बदलतं, त्यात मी शिरत नाही.

इथे आलेल्या आपल्या बायकांची गल्लत होते ती फाउंडेशन डिग्रीवरून. ती पूर्ण पदवी नव्हे. २४० क्रेडिटांचा अभ्यासक्रम असतो. आठवड्यातून एखादा दिवस किंवा संध्याकाळ कॉलेज, बाकीचे दिवस शाळेत टीचिंग असिस्टंटचं काम, आणि त्या कामावरच लिहायच्या असाइनमेंट. त्यावर १२० क्रेडिटांचं टॉप-अप केलं की बी.ए. ऑनर्स. एवढं करूनही तू शिक्षिका झालेली नसतेस. त्यासाठी क्यूटीएस (क्वालिफाइड टीचर स्टेटस) ही शिक्षक म्हणून मान्यता लागते, आणि तिच्यासाठी पुढे साधारण वर्षभराचं प्रशिक्षण. नोकरी लागली की पहिली दोन वर्षं नवशिक्या शिक्षकाची. सगळं मिळून किती वर्षं होतात ते तूच मोज आणि त्या वेळी मुलगा कितवीत असेल तेही बघ.

म्हणून बी.ए. आधी संपव. निघायची तारीख चार महिने पुढे गेली तरी चालेल. हातात पदवी असली आणि परदेशी पदव्या इथल्या कशाच्या तोडीच्या ते ठरवणाऱ्या यूके एनिक या संस्थेकडून तिची समतुल्यता मान्य झाली, तर फाउंडेशन आणि टॉप-अप दोन्ही टळतात, थेट शिक्षक प्रशिक्षणाला अर्ज करता येतो. माझ्याकडे पदवी नव्हती. आमच्या वेळी डी.एड. झालं की नोकरी, असंच सगळे सांगायचे.

२०२३ मध्ये भारतात शिकलेल्या शिक्षकांना परस्पर क्यूटीएस मिळण्याची वाट खुली झाली, हे तू कुठेतरी वाचलं असशील. ती ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायला पात्र असलेल्यांसाठी आहे. पहिली ते चौथी शिकवणारी आपण माणसं त्यात बसत नाही. २०२५ पासून पगार घेत चार वर्षांत पदवी आणि क्यूटीएस दोन्ही देणारी टीचर डिग्री अप्रेंटिसशिपही सुरू झालीय. पण अप्रेंटिसशिपच्या सरकारी पैशासाठी आधी तीन वर्षं या देशात राहिलेलं असावं लागतं. फाउंडेशन डिग्रीचंही तसंच. डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, शैक्षणिक कर्ज मिळत नाही आणि बहुतेक ठिकाणी फी परदेशी विद्यार्थ्याची लावतात. मी कायम वास्तव्याचा परवाना हातात येईपर्यंत टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, म्हणूनच काम करत थांबले. तो परवाना पाच वर्षांनी मिळायचा, आता ती मुदत वाढवायचं घाटतंय. तेव्हा येताच कॉलेजला नाव घालू हा हिशेब आधीच मनातून काढ.

आता कागदपत्रं. हे वाचून कंटाळशील, तरी वाच. माझ्या दहावीच्या सनदेवर माहेरचं आडनाव पहिलं, मग माझं नाव, मग वडिलांचं. डी.एड.च्या गुणपत्रिकेवर तेच, पण वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. इथल्या एका कर्मचाऱ्याला या तीन बायका वेगवेगळ्या वाटल्या. लग्न झालं की मधलं नावसुद्धा बदलतं हे तिला पटेना, वडिलांचं नाव काढून नवऱ्याचं का घालता, हे ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. डीबीएस, म्हणजे लहान मुलांबरोबर काम करायला लागणारी पोलीस पडताळणी, तिच्या अर्जात आजवरची सगळी नावं द्यावी लागतात. त्यात एक स्पेलिंग निराळं पडलं की ईमेलांचा खेळ सुरू. तू निघण्यापूर्वी विवाह नोंदणी दाखला इंग्रजीत घे, आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेव. पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस क्लिअरन्स दाखलाही घे, शाळा मागते.

अनुभवाचा दाखला मात्र आत्ताच, इंग्रजीत, रुजू दिनांकापासून तारखांसह, शिक्का स्पष्ट उमटलेला असा घे. मी इथे येऊन मागवला. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात माझे बाबा पावसात हेलपाटे घालत राहिले, फाईल सापडत नाही हे एकच उत्तर. शेवटी मिळाला तो मराठीत, इथे पैसे भरून त्याचं भाषांतर करून घेतलं. मग ज्या शाळेत तो दिला तिथे कुणी वाचला नाही. अनुभवाच्या रकान्यात माझ्या नावापुढे ‘नाही’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

इंग्रजीचंही सांगते. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षणाला जीसीएसई, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेत, इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांत किमान ग्रेड ४ किंवा त्याच्या तोडीचं काही लागतं. माझ्या कॉलेजने गणित-विज्ञान दहावीवर मान्य केलं, इंग्रजी नाही, कारण माध्यम मराठी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमध्ये बसून मी ती परीक्षा दिली. त्याचं मला काही वाटलं नाही. अभ्यास करायला आपल्याला कधी लाज वाटत नाही.

वाटलं ते मुलाच्या बाबतीत. तुझा मुलगाही सहाचा आहे, म्हणून हे नीट वाच.

माझा मुलगा देवगडहून आला तेव्हा मराठी सरसर वाचत होता. जोडाक्षरांसकट. इथे त्याला सर्वांत खालच्या गटात बसवलं. इथे वाचन फोनिक्सने शिकवतात, प्रत्येक ध्वनी सुटा म्हणायचा आणि मग जोडायचा. पहिल्या इयत्तेच्या शेवटी, जूनमध्ये, ४० शब्दांची चाचणी होते. त्यातले २० शब्द अर्थ नसलेले, बनवलेले असतात, म्हणजे मूल पाठ केलेलं सांगतंय की खरंच ध्वनी जोडतंय ते कळावं. पद्धत म्हणून मला ती आवडते, मी स्वतः ती आता शिकवते. पण आपलं मूल ‘क’ म्हणतं तेव्हा त्यात ‘अ’ असतोच. बाराखडीच तशी आहे. म्हणून कॅट फोडून म्हणायला सांगितलं की तो ‘क, अॅ, ट’ असे पूर्ण उच्चार करायचा आणि जोडताना अडखळायचा. व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना आपल्याकडे ‘व’ एकच, त्यामुळे लिहितानाही गोंधळ. पहिलीला शिकवलेल्या कुठल्याही बाईला हे एका दिवसात कळलं असतं. मला कळत होतं. त्याच शाळेत, शेजारच्या वर्गात मी टीए होते, लॅमिनेट केलेली चित्रं कापत होते.

पालकसभेला दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत मला सांगण्यात आलं की वाचन अपेक्षेपेक्षा कमी आहे, घरी इंग्रजी बोला. त्याला कोणत्या लिपीत वाचता येतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मी सांगायला लागले तर बाईंनी मान डोलावली आणि घड्याळाकडे पाहिलं. तिथे काम करत होते म्हणून जास्त बोलता आलं नाही. आज तो इंग्रजीत वर्गाच्या पुढे आहे, सगळे म्हणतात बघ, किती छान झालं. मराठी तो आता अक्षर अक्षर लावून वाचतो. आईचा फोन आला, ‘जेवलस काय रे?’ म्हणाली, तर इंग्रजीत उत्तर देतो. मला हे अजून सहन होत नाही आणि यापुढेही होईल असं वाटत नाही.

फाउंडेशनच्या दुसऱ्या वर्षाला मी याच विषयावर असाइनमेंट लिहिली: देवनागरी शिकून आलेलं मूल फोनिक्समध्ये नेमकं कुठे अडतं. माझ्या शाळेतल्या मेंटॉर बाईंनी ती वाचली आणि पुढच्या टर्मला मला तमिळ, गुजराती, पंजाबी घरांतल्या मुलांचा एक छोटा गट दिला. हे काम मला फार आवडतं. या अभ्यासक्रमाबद्दल चांगलं सांगायचं तर हेच, की सकाळी वर्गात जे खुपतं त्यावर संध्याकाळी लिहिता येतं. रात्री साडेदहाला भांडी आवरून लिहायला बसले की मला पुन्हा शिक्षिका असल्यासारखं वाटतं, दिवसा तसं क्वचितच वाटतं. एका खोलीत पहिली-दुसरी एकत्र चालवलेल्या बाईला दिवसभर पेन्सिलींना टोकं काढायला लावली की आतून काहीतरी तुटतं. पगार टर्मपुरता धरून वर्षावर वाटतात, म्हणून जाहिरातीतला आकडा हातात पडत नाही, हेही धरून चल.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. कामाला लागलीस की दिवस जातो. मराठी मंडळं आहेत, त्यांच्याकडे जा.

सुट्ट्यांचं मात्र कुणी सांगणार नाही ते ऐक. शाळेत नोकरी म्हणजे टर्ममध्ये रजा नाही. नवीन वर्ष सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतं, आणि आपली चतुर्थी बहुतेकदा त्याच्याच आसपास. मुलाला पाच दिवस बुडवून नेलंस तर प्रत्येक पालकामागे ८० पौंड दंड, वेळेत भरला नाही तर १६०. मे महिन्यात जेमतेम आठवडाभर सुट्टी असते, तीही अगदी शेवटी, तेव्हा हापूस संपत आलेला. मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर, म्हणजे मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते त्या सुमारास आपण मुंबईला उतरणार आणि कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकाने गावी पोचणार. दरवेळी घर पावसातच बघायचं. माझ्या मुलाला वाटतं देवगडात बारा महिने पाऊस पडतो. वाडीतल्या बायका विचारतात, गणपतीक का येणस नाय? बँकेत किंवा दवाखान्यात नोकरी असती तर चतुर्थीची रजा टाकता आली असती, शाळेतल्या बाईला ती टाकता येत नाही. तू शिक्षिकाच व्हायचं म्हणतेस, म्हणून हे आधीच घरच्यांशी बोलून घे, सासूबाईंशी विशेष.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, राजीनामा द्यायचा का. माझी नोकरी भरती कित्येक वर्षं रखडल्यावर लागली होती, आणि निघताना मी राजीनामा दिला. घरात सगळ्यांनी तेच योग्य म्हटलं, मलाही तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. आमच्या शाळेचा पट कमी होत होताच, पुढे काय झालं असतं कुणास ठाऊक. पण इथे अनुभवाच्या रकान्यात ‘नाही’ वाचलं त्या दिवशी मला तो राजीनामा आठवला आणि अजून अधूनमधून आठवतो. तुझ्याजागी मी असते तर आधी असाधारण रजा, बिनपगारी, मिळते का ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारलं असतं. तोंडी नको. अर्जाच्या दोन प्रती ने, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घे. त्यांचं उत्तर येईपर्यंत बी.ए.चे राहिलेले पेपर देऊन टाक. मुलाचं मराठी वाचन कसं चाललंय तेही कळव, इथल्या शाळेला द्यायला एक पानभर पत्र मी तुला इंग्रजीत लिहून देईन.