‘मोटेड होमस्टेड’ला भुईकोट म्हणावं का?

मध्ययुगीन इंग्लंडवरचा लेख भाषांतरित करणाऱ्या एकांनी विचारलंय: ‘मोटेड होमस्टेड’ला, म्हणजे भोवती पाण्याचा चर खणलेल्या घराला, ‘भुईकोट’ चालेल का?

नाही चालणार. भुईकोट म्हटलं की नगर, परांडा आठवतात. तट, बुरूज, तोफा. इंग्लंडातल्या या पाचेक हजार जागा, बहुतेक साधारण १२५० ते १३५० मधल्या, म्हणजे जमीनदाराचं, मठाचं नाहीतर चार पैसे गाठीला असलेल्या शेतकऱ्याचं घर, शेजारी कोठार-गोठा आणि भोवती पाणी. एसेक्स, सफोक, वॉरिकशरच्या चिकणमातीत त्या जास्त, कारण तिथे चर खणला की पाणी मुरत नाही, साचून राहतं. निघालेली माती मधल्या चौकोनावर पसरली की घराची जागा उंच आणि कोरडी. मासे पाळता येत, चोराचिलटांना जरा आळा बसे. पण सैन्याला असला चर काय अडवणार? बड्या सरदाराच्या किल्ल्यासारखा खंदक आपल्याही दारात, ही ऐट त्यात बरीच होती. वॉरिकशरमधल्या आर्डनच्या जंगलपट्ट्यात रान तोडून नवी शेतं काढली, तिथे अशी घरं गावापासून फटकून, एकेकटी दिसतात.

‘गढी’ जवळची वाटते, पाटील-देशमुखांची म्हणून. पण गढीची ओळख पांढऱ्या मातीचा उंचवटा आणि जाड भिंती, पाणी नव्हे. (मजा म्हणजे इंग्रजी ‘मोट’ ज्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला, त्याचा अर्थ उंचवटाच! पुढे तो भोवतालच्या चराला चिकटला.)

‘मोट’ देवनागरीत तसाच ठेवू नका. ‘मोट फार्म’ हे तिकडे शेतघराचं नेहमीचं नाव, पण आपला वाचक विहीर आणि बैलजोडी शोधत बसेल. ‘परिखा’ हा खंदकाचा संस्कृत शब्द कौटिल्याचा; दुर्गाभोवती तो अशा तीन सांगतो, १४, १२ आणि १० दंड (लांबीचं जुनं माप) रुंदीच्या. शेतकऱ्याच्या घराला ती भारी पडते. फारसीतून आलेला ‘खंदक’ सगळ्यांच्या तोंडी आहे, तोच घ्या.

वॉरिकशरमधल्या बॅडेस्ली क्लिंटनसारखी पाण्याच्या वेढ्यात अजून उभी असलेली वास्तू असेल तर मी ‘खंदकाचा वाडा’ लिहीन, साध्या शेतकऱ्याचं असेल तर ‘खंदकाचं घर’. मात्र बहुतेक ठिकाणी घर केव्हाच गेलंय, कुरणात चौकोनी चर तेवढा उरलाय. तिथे ‘वाडा’ लिहिलंत तर वाचकाची फसगत होईल. ‘खंदकाची जागा’ म्हणा.