बाळासाठी ज्वारी-केळ्याच्या बिनदुधाच्या कांड्या

ताई, पहिल्यांदा करताय तर ज्वारीनंच सुरुवात करा. सालीवर काळे ठिपके पडलेलं एक अर्धापुरी (नांदेडकडच्या जातीचं) केळं कुस्करा. त्यात अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, दोन चमचे करडीचं तेल. पीठ ताजंच हवं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, मग कांडी हातात घेताच भुगा होतो. तसं झालं तर चमचाभर उकळतं पाणी घालून मळा. बोटाएवढ्या कांड्या वळून १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा, कडक मात्र करू नका: दोन बोटांत दाबली की चुरडली पाहिजे, नाहीतर घशात अडकेल. वर्षाच्या आत साखर, गूळ, मीठ नको. मध तर अजिबातच नको. बाळ सहा महिन्यांचं झालेलं, बसतं असावं, आणि खाताना समोरून हलू नका.