जेल नेलपॉलिशसाठी ३६ वॅटचा लॅम्प घ्यावा की ४८ वॅटचा?

घरी जेल नेलपॉलिश लावून ते प्रकाशाने कडक करण्यासाठी ३६ वॅटचा लॅम्प पुरेल की ४८ वॅटचाच घ्यावा, आणि यूव्हीपेक्षा, म्हणजे अतिनील किरणांच्या लॅम्पपेक्षा, एलईडी सुरक्षित असतो का, असे आपण विचारले आहे. वॅटचा आकडा वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण याच आकड्यावरून माझ्यात आणि जाऊबाईंमध्ये आलेला दुरावा अजून पुरता मिटलेला नाही.

डोंबिवलीत आम्ही दोघी मिळून पार्लर चालवत होतो. नखांचे काम माझ्याकडे होते आणि खरेदी त्यांच्याकडे. आमचा जुना यूव्ही लॅम्प ९ वॅटच्या चार ट्यूबचा, म्हणजे ३६ वॅटचा होता आणि प्रत्येक कोटला दोन मिनिटे लागत. लग्नसराई तोंडावर आली तेव्हा जाऊबाईंनी ४८ वॅटचा एलईडी लॅम्प आणला, जेल मात्र ट्यूबच्या लॅम्पसाठी बनवलेलेच चालू ठेवले. ३० सेकंदांत नखे चकाकू लागली आणि एका दुपारी पूर्वीच्या दुप्पट गिऱ्हाइके होऊ लागली. मी शंका काढली, तेव्हा त्यांचे उत्तर ठरलेले असे : "३६ वॅटचा पुरत होता, तर ४८ वॅटचा कमी कसा पडेल?"

महिनाभराने आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक शिक्षिका हात घेऊन आल्या. नखांभोवतीची कातडी लाल झाली होती, बोटांच्या टोकांवर बारीक पाणीदार पुरळ होते आणि खाजेने रात्रभर झोप नव्हती. मी जेल काढायला घेतले, तर अंगठ्यावरचा वरचा थर दुधावरच्या सायीसारखा अखंड सुटून आला आणि त्याखाली मरून रंगाचा लगदा तसाच ओला होता; लाकडी काडीला तो चिकटून आला आणि कापसावर त्याचा डाग पसरला. जाऊबाईंनी तो डाग पाहिला आणि मी कोट जाड लावते, असे सांगून मोकळ्या झाल्या. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली, तेव्हा ॲक्रिलेटची, म्हणजे कच्च्या जेलमधल्या द्रव्यांची, ॲलर्जी निघाली. ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते आणि दातांत भरायच्या सिमेंटमध्येही याच वर्गातली द्रव्ये असतात, म्हणून त्या बाईंना आता दंतवैद्याकडेही हे आधी सांगावे लागते.

कोट मी पातळच लावत होते. मरून, काळा असे गडद रंग प्रकाश वरच्या वर शोषून घेतात, एवढे मला तेव्हाही ठाऊक होते. चूक लॅम्प आणि जेल यांची जोडी न जुळण्यात होती. वॅट म्हणजे लॅम्प किती वीज खातो त्याचे माप. नखावर किती आणि कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश पडतो, ते त्यातून कळत नाही. जेल कडक करणारे द्रव्य ठरावीक तरंगलांबीलाच जागे होते. ट्यूबचा प्रकाश ३६५ नॅनोमीटरच्या आसपास असतो, तर एलईडीचा ४०५ च्या किंवा दोन्हींच्या. त्यामुळे एलईडी म्हटले की यूव्ही नाही, हा समजही सोडून द्यावा. वरचा चिकट थर पुसल्यावर नख चकाकते म्हणजे जेल पक्के झाले, असे जाऊबाई म्हणत. पण तो थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे नीट पिकलेल्या जेलवरही राहतो, आणि अर्धेकच्चे जेलसुद्धा वरून कडक लागते.

म्हणून आधी जेल ठरवा आणि त्या कंपनीने जो लॅम्प सांगितला असेल तोच, तिने सांगितलेल्या वेळेसाठी वापरा. मग तो ३६ वॅटचा असो वा ४८ चा. अंगठे वेगळे धरा, कारण चार बोटांबरोबर ठेवल्यास ते कडेला कलतात आणि प्रकाश तिरपा पडतो. कातडीला लागलेले जेल हात लॅम्पमध्ये घालण्याआधीच पुसून घ्या. चटका बसला तर हात बाहेर काढून पुन्हा घाला, आणि पुढचा कोट आणखी पातळ लावा. ती उष्णता जेल घट्ट होतानाची असते.

सुरक्षिततेचे म्हणाल, तर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांना अशा लॅम्पच्या प्रकाशाने प्रयोगशाळेतील पेशींच्या डीएनएला इजा झालेली आढळली. ती चाचणी माणसांच्या हातांवर झालेली नव्हती, तरीही मी बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे वापरल्याशिवाय कोणाचाही हात लॅम्पमध्ये घालू देत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखे उन्हाला त्वचा हळवी करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेल लावूच नये.

आणखी एक. १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघात टीपीओ हे जेल कडक करणारे द्रव्य सौंदर्यप्रसाधनांत वापरण्यास बंदी आहे आणि त्यामुळे अनेक जेलमधले घटक बदलले आहेत. जुना लॅम्प घरात असेल आणि नवी बाटली आणणार असाल, तर तो त्या बाटलीला चालतो का, हे कंपनीला पुन्हा विचारून घ्या. जाऊबाईंनी तेव्हा एवढे विचारले असते, तर त्या शिक्षिकेचे हात वाचले असते.