‘ख्रिस्त’ हे आडनाव नव्हे आणि ‘मसीहा’ म्हणजे कैवारी नव्हे

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारले आहे की ‘मसीहा’, ‘ख्रिस्त’ आणि ‘तारणहार’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का, आणि असतील तर ‘दाविदाचा पुत्र’ व ‘मनुष्याचा पुत्र’ ही आणखी दोन बिरुदे कशासाठी. प्रश्न रास्त आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सतत कोणीतरी ‘गोरगरिबांचा मसीहा’ झळकत असतो, आणि ‘कैवारी’ हा उत्तम मराठी शब्द हाताशी असताना त्याच्या जागी चुकीच्या अर्थाचा शब्द का लावायचा, हे मला कधीच उमगलेले नाही.

मसीहा आणि ख्रिस्त हे एकाच अर्थाचे शब्द आहेत. तारणहार मात्र वेगळा. हिब्रूतील ‘माशीअख’ म्हणजे ज्याच्या डोक्यावर तेल ओतले आहे तो. त्याचे ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’. हाच हिब्रू शब्द अरबीत ‘मसीह’ आणि फारसीत ‘मसीहा’ झाला. येशूने मेलेल्यांना उठवले, या श्रद्धेमुळे फारसी-उर्दू कवितेत त्याला ‘बरे करणारा’ असा अर्थ चिकटला, आणि हिंदीमार्गे तोच आपल्या फ्लेक्सवर आला. श घालून ‘मशीहा’ लिहिणे मात्र मूळ हिब्रूला अधिक जवळचे आहे. तारणाचा अर्थ ‘येशू’ या नावात आहे, कारण त्या हिब्रू नावाचा अर्थच ‘परमेश्वर तारण करतो’ असा होतो, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, पहिल्या अध्यायात देवदूत मरीयेचा पती योसेफ याला हे नाव ठेवण्याचे कारणही तेच सांगतो. जे शब्दकोश ‘मसीहा = तारणहार’ एवढे लिहून मोकळे होतात, ते नावाचा अर्थ पदाच्या खात्यावर मांडतात.

पद म्हणायचे कारण असे की ख्रिस्त हे आडनाव नाही. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत ‘येशू ख्रिस्त’ आणि ‘ख्रिस्त येशू’ अशी दोन्ही रूपे येतात. आडनावाची अशी उलटापालट कोणी करत नाही. त्या काळच्या लोकांनी त्याला ओळखले ते ‘नासरेथचा येशू’ म्हणून, म्हणजे आपल्या रीतीने आडनाव द्यायचेच झाले तर ते नासरेथकर झाले असते.

आता मला ज्यात खरा रस आहे त्या मुद्द्याकडे येतो. या शब्दासाठी मराठीत ‘अभिषिक्त’ वापरतात. अभिषेक हा सिच् धातूपासून आला आहे आणि सिच् म्हणजे शिंपडणे. त्यात धार आहे, पाणी आहे, पण तेल माखणे नाही. ग्रीक ‘ख्रिएइन’ म्हणजे मात्र चोळणे, माखणे. त्या क्रियेसाठी संस्कृतात अञ्ज् हा धातू आहे, ज्यातून डोळ्यातले अंजन आले आणि नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगही आले. लॅटिनमधील ‘उंग्वेरे’ हा याच घराण्यातला, आणि इंग्रजीतले ‘ऑइंटमेंट’ व ‘अनॉइंट’ हे शब्द त्याचेच वंशज. म्हणजे दिवाळीला आई मुलाच्या टाळूवर तेल जिरवते तेव्हा ज्या धातूचा शब्द आपण वापरतो, तोच धातू इंग्रजी बायबलमध्ये शमुवेल या संदेष्ट्याने दाविदाला इस्राएलचा राजा नेमल्याच्या वर्णनात आहे. माझे ठाम मत असे की नेमका प्रतिशब्द ‘अभ्यक्त’ हाच होता. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या १३३व्या स्तोत्रातले तेल अहरोन या याजकाच्या डोक्यावरून दाढीवर आणि तिथून वस्त्राच्या काठापर्यंत ओघळते. ‘अभिषिक्त’ म्हटले की हा स्निग्धपणा नाहीसा होतो. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकामुळे ‘अभिषिक्त’ला मराठी मनात जे राजवैभव आहे ते ‘अभ्यक्त’ला नाही, हा आक्षेप मला मान्य आहे, पण वैभवासाठी अर्थ सोडणे मला पटत नाही.

‘ख्रिस्त म्हणजे कृष्णच’ असे छातीठोकपणे लिहिणाऱ्या विद्वानांशी मात्र तडजोड शक्य नाही. कृष्ण म्हणजे काळा, सावळा. ख्रिस्त म्हणजे तेल माखलेला. दोन शब्दांत क आणि ख, र आणि स यांचा नाद जुळला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागात, हे तेल राजाला, याजकाला आणि क्वचित संदेष्ट्यालाही लागते: दावीद, अहरोन, आणि ज्याला अभिषेक करण्याची आज्ञा एलीयाला झाली तो अलीशा. यशयाच्या ४५व्या अध्यायात तर इराणचा परकीय राजा कोरेश यालाही देवाचा अभिषिक्त म्हटले आहे, इतका हा शब्द मुळात पदवाचक होता. ख्रिस्ती शिकवणीत ही तिन्ही पदे एका व्यक्तीत एकवटतात. तलावपाळीजवळच्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या चर्चमध्ये, किंवा कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये, बाळाचा बाप्तिस्मा नीट पाहिला तर पाण्यानंतर त्याच्या टाळूला सुगंधी तेल लावताना धर्मगुरू याजक, संदेष्टा आणि राजा अशा तिन्ही पदांचा उच्चार करतात. त्या तेलाचे नाव ‘क्रिझम’, म्हणजे पुन्हा ‘ख्रिस्त’चेच भावंड. हे चर्च ज्याच्या नावाचे आहे त्या योहानाला लोकांनी छेडले, तेव्हा त्याची कबुली होती, ‘मी ख्रिस्त नव्हे.’

राहिली दोन बिरुदे. ‘दाविदाचा पुत्र’ हे राजपदाच्या वारसाहक्काचे बिरुद आहे. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी येशूला याच नावाने हाक मारतो. ‘मनुष्याचा पुत्र’ हे जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातून आलेले, आकाशातील मेघांवरून येणाऱ्या आणि अढळ राज्य मिळणाऱ्या पुरुषाचे वर्णन आहे, आणि शुभवर्तमानांत ते जवळजवळ सर्वत्र येशू स्वतःच स्वतःविषयी वापरतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात महायाजक त्याला विचारतो, ‘तू ख्रिस्त आहेस काय?’ येशू ‘मी आहे’ एवढे म्हणतो, आणि पुढचे सगळे वाक्य मनुष्याच्या पुत्राविषयी बोलतो.