खोदलेला चर सरकार बुजवू शकते का?

प्रश्न : माझे वास्तव्य कोथरूडला असले, तरी आमचे घर आणि माडांची वाडी कोकणात समुद्रालगत आहे. काही वर्षांपूर्वी एका खासगी मालकाने कोळंबीच्या तळ्यांना पाणी मिळावे म्हणून गावच्या पुळणीतून मागच्या खाजणापर्यंत चर खोदला. तेव्हापासून दक्षिणेकडची पुळण खचत आहे; गेल्या मे महिन्यात कुंपणाबाहेरच्या सुरूच्या रांगेतले शेवटचे झाडही मुळांसकट आडवे झाले. माझी मुलगी ह्यूस्टनला असते. तिथल्या किनाऱ्यावरचा असाच एक कृत्रिम जलमार्ग सरकारने बंद केल्याचे ती सांगते. आपल्याकडे सरकारला तसा अधिकार आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अधिकार आहे. मात्र तो ‘जलमार्ग बंद करणे’ अशा शब्दांत कुठे लिहिलेला सापडणार नाही, आणि आपल्या प्रकरणाचा निकाल बहुतांशी पुराव्यावर ठरेल.

मुलीने सांगितलेला जलमार्ग म्हणजे बहुधा टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन कौंटीतला रोलओव्हर पास. बोलिव्हर द्वीपकल्पाच्या चिंचोळ्या पट्टीतून तो १९५५ मध्ये राज्याच्याच मत्स्य आयोगाने खोदला. जमीन एका मासेमारी क्लबची होती. पुढे पुळणीची वाळू त्यातून आत जाऊन मागच्या नौकानयन कालव्यात साचू लागली आणि ती वारंवार उपसावी लागू लागली. २००९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने असे मानवनिर्मित मार्ग बंद करण्याचा अधिकार राज्याच्या भूमी कार्यालयाला दिला. तरीही गळ टाकणाऱ्यांचा विरोध आणि क्लबशी न्यायालयीन तंटा यांमुळे प्रत्यक्ष भराव २०१९ मध्ये सुरू झाला. कायदा हाती असूनही दहा वर्षे गेली, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम ५ खाली कोणताही उद्योग, क्रिया किंवा प्रक्रिया बंद करण्याचे निर्देश देता येतात, आणि किनाऱ्यापुरता हा अधिकार राज्याच्या सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडेही सोपवलेला आहे. समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बदलणे सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार, ठरावीक अपवाद वगळता, निषिद्ध आहे. पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ ची असल्यामुळे चर त्यानंतरचा असेल, तर परवानगी दाखवण्याची वेळ मालकावर येते. शिवाय कोळंबीच्या तळ्यांची २००५ च्या तटीय जलकृषी प्राधिकरण कायद्याखाली नोंदणी आहे का, हे माहिती अधिकारात विचारावे. पुष्कळदा गाठ तिथेच सुटते. मालकाला मात्र प्रस्तावित निर्देशाची प्रत देऊन हरकतीसाठी किमान १५ दिवस द्यावे लागतात, त्यामुळे तक्रार केली की दुसऱ्या दिवशी पोकलेन येईल अशी अपेक्षा धरू नये.

आता पुराव्याविषयी. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि नंतरच्या शांत महिन्यांत त्यातली बरीचशी परत आणून टाकतात. म्हणून मे महिन्यातले छायाचित्र ऑगस्टमधल्या छायाचित्राशेजारी ठेवले, तर कोणतीही पुळण वाहून गेलेली दिसते आणि समोरचा वकील नेमके तेच बोट ठेवतो. मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करावी. घराच्या जोत्याचा एखादा कोपरा पक्का धरून तिथून भरतीच्या रेषेपर्यंतचे अंतर दर वर्षी त्याच तिथीला, म्हणजे अमावास्येच्या उधाणाला, टेपने मोजावे आणि साक्षीदारांच्या सह्यांसह लिहून ठेवावे. चर खोदण्यापूर्वीची उपग्रह छायाचित्रे संगणकावर पाहता येतात, तीही जोडावीत. चराच्या आतल्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला वाळूचा ढीग आहे का, हे मुद्दाम पाहावे. भरतीबरोबर आत गेलेली आणि ओहोटीने बाहेर न आलेली ती तुमच्याच पुळणीची वाळू असते, आणि झाडे पडल्याच्या दहा तक्रारींपेक्षा तो ढीग जास्त बोलतो. एका बाजूची पुळण वाढून दुसरी खचत असेल, तर तेही नोंदवावे. शास्त्रीय मताची गरज लागली, तर सिंहगडाच्या वाटेवर खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र बंदरांच्या आणि किनाऱ्यांच्या प्रतिकृतींवर हाच अभ्यास करते. अर्थात तिथला अभ्यास शासनाने मागवावा, असा आग्रह आपल्या अर्जात धरावा, कारण तो खर्च एका कुटुंबाच्या आवाक्यातला नाही.

प्राधिकरणाने दखल घेतली नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. वादाच्या दाव्याला कारण उद्भवल्यापासून सहा महिन्यांची आणि भरपाई किंवा पर्यावरण पूर्ववत करण्याच्या मागणीला पाच वर्षांची मुदत असते. योग्य कारण दाखवल्यास दोन्हींत साठ दिवसांची सवलत मिळते. ‘काही वर्षांपूर्वी’ हे आपले शब्द वाचून काळजी वाटली. खोदकामाची नेमकी तारीख आधी शोधावी.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. गावकऱ्यांनी श्रमदानाने चर बुजवायचे ठरवले, तर परवानगीशिवाय समुद्राचा प्रवाह अडवल्याचा ठपका उलट तुमच्यावरच येईल.