मज्जातंतूंवाचून कुणाचं अडतं?

प्रश्न : अंगणात फावडं लागून गांडुळाचे दोन तुकडे झाले. दोन्ही वळवळत होते. नातू म्हणतो, आता दोन गांडुळं होतील. खरं का? (एक आजी, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : नातू हिरमुसेल, पण नाही. डोक्याकडचा तुकडा पुरेसा लांब असला तर जगतो आणि नवी शेपटी काढतो. मागचा बहुधा मरतो. मग तो वळवळतो कसा? गांडुळाचा इवलासा मेंदू तोंडाजवळ असतो, पण मज्जारज्जू पोटाच्या बाजूनं शेवटपर्यंत जातो आणि दर वळ्यात त्याची एक गाठ असते. वळ्यापुरता कारभार तीच बघते, वर विचारायला जात नाही. शिवाय या रज्जूत तीन जाड तंतू असतात. पुढच्या टोकाला धक्का लागला तर मधला कामाला लागतो, मागच्या टोकाला लागला तर बाजूचे दोन. पक्ष्याची चोच लागताच गांडूळ झटकन आक्रसतं ते यांच्यामुळे. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन नातवाला बागेत न्या. अर्धं बिळाबाहेर आलेलं गांडूळ दिसलं की जवळ पाय आपटा आणि बघा.

प्रश्न : मेंदूच नसेल तर मज्जातंतूंचा उपयोग काय? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, मांजलपूर)

उत्तर : तुमच्या अभ्यासक्रमातलाच हायड्रा घ्या, गोड्या पाण्यातला तो इवलासा प्राणी. मेंदू नाही, अंगभर मज्जापेशींचं विरळ जाळं. १९७६ साली रिचर्ड कॅम्पबेल यांनी कॉल्चिसिन देऊन (हो, गाउटवर देतात तेच) हे जाळंच काढून टाकलं. हायड्रा मेले नाहीत. वाढले, त्यांना कळ्याही (म्हणजे अंगावरच उगवणारी पिल्लं) फुटल्या. फक्त खाऊ कुणी घालायचं? भक्ष्य एकेक करून तोंडात कोंबावं लागे, आणि नंतर पोट धुऊन द्यावं लागे. तान्ह्या बाळाचं करावं तसं सगळं! आता, या औषधानं डंखपेशीही जातात, तेव्हा शिकार न जमण्याचं सगळं खापर मज्जातंतूंवर फोडू नका. पण आपणहून अंग आक्रसून घेणं, घास येताच तोंड उघडणं हेही थांबलं, ते मात्र जाळ्याचंच काम. नुसतं जगायला पेशी पुरतात. सगळ्या अंगानं मिळून, वेळेवर काही करायचं तर जाळं लागतं.

प्रश्न : एका जंताच्या सगळ्या मज्जापेशींचा नकाशा तयार आहे म्हणे. मग तो जंत पुरता कळला ना? (निवृत्त इंजिनिअर, अलकापुरी)

उत्तर : सी. एलिगन्स. मज्जापेशी ३०२, त्यांच्या जोडणीचा नकाशा १९८६ चा. पण बडोद्याचा नकाशा पाहून मांडवीला संध्याकाळी किती खोळंबा होईल ते कळतं का? पेशी आपसांत रसायनं सोडतात आणि त्यांचा निरोप जोडणीबाहेरही पोचतो. नकाशात तो दिसत नाही.

प्रश्न : लाजाळूला मज्जातंतू असतात का? (इयत्ता सातवी)

उत्तर : नाही. हात लावला की विजेचा बारीक संदेश जातो, देठाच्या बुडाशी फुगलेल्या पेशींतलं पाणी निघून जातं आणि पान मिटतं. पुन्हा उघडायला मात्र बराच वेळ घेतं. घड्याळ लावून मोज आणि मला कळव.