अँटिबायोटिकचा लेप असलेला रॉड घ्यावा का? (कोरेगावच्या दादांना उत्तर)

दादांचा प्रश्न थोडक्यात असा. भावाची मोटारसायकल रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. जखम धुऊन बाहेरून फ्रेम लावलीय. आता आत रॉड घालायचाय आणि डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: साधा टायटॅनियमचा, नाहीतर अँटिबायोटिकचा लेप असलेला. दुसरा बराच महाग. त्यात भेटायला आलेले पाहुणे म्हणाले चांदीचा मुलामा दिलेला रॉड मिळतो, आणि पुतण्याने मोबाइलवर हळदीच्या लेपाची बातमी दाखवली. तर लेपाचा रॉड घेतला की पू होणार नाही ना, आणि हाड लवकर जुळेल का?

मी मिरजेत हाडांच्या ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) सिस्टर म्हणून रिटायर झाले. सर्जन नाही, त्यामुळे घ्या किंवा घेऊ नका हे मी सांगणार नाही, ते पाय बघणाऱ्यानेच सांगायचं. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे म्हणून आधी देते: नाही, अँटिबायोटिकच्या लेपाने हाड लवकर जुळत नाही. पू झाला नाही तर जुळण्यात विघ्न येत नाही, इतकाच त्याचा हाडाशी संबंध.

हाडाला मदत करणारे लेप असतात, पण त्यांचं काम वेगळं. त्यातला जुना आणि खात्रीचा म्हणजे हायड्रॉक्सिअॅपटाइट, आपल्या हाडात असतं तसंच कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज. प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त वायूच्या, धगधगत्या झोतातून ते धातूवर फवारतात. १९८५-८६ पासून युरोपात खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या दांड्यावर हा लेप वापरात आला. तिथे हाडाने धातूला कायमचं धरावं, सिमेंट (सांधा हाडात पक्का बसवायचा लगदा) लागू नये, हाच हेतू असतो आणि तो चांगला साधतो. बाहेरच्या फ्रेमच्या पिनांवरही हा लेप देतात, पिना लवकर ढिल्या होत नाहीत. नडगीच्या रॉडचं मात्र उलटं. तो पुढेमागे काढावा लागू शकतो. हाड त्याला चिकटून बसलं तर काढताना सर्जनचा घाम निघतो. आणि तुमच्या भावाचं हाड हाडाला जुळायचंय, रॉडला नव्हे. ते ठरतं तुटलेल्या टोकांना रक्त किती मिळतं, वरचं मांस-कातडी कितपत शाबूत आहे आणि टोकं किती स्थिर धरलीत यावर.

आता पू. शरीरात परकी वस्तू असली की जिवाणूंचं फावतं, हे फार पूर्वीच माणसांवर तपासून पाहिलंय. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस नावाचे पू करणारे जिवाणू टोचले. नुसत्या कातडीत पू व्हायला दशलक्षांच्या घरात जिवाणू लागायचे, पण तिथे रेशमी टाका असला तर काही शेकडे पुरले. एका टाक्याची ही गोष्ट, इथे तर हाडाच्या पोकळीत हातभर लांबीचा धातू जाणार. वर हे जिवाणू धातूवर बसले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरात शिरलेल्या जिवाणूंवर नेहमीच्या डोसचं अँटिबायोटिक फारसं चालत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचंही चालत नाही. म्हणून पू एकदा धातूवर बसला की गोळ्यांनी वरवर थांबतो आणि गोळ्या संपल्या की पुन्हा वाहतो. वॉर्डात हे आम्ही इतकं बघितलंय की 'गोळ्या चालू होत्या तोवर बरं होतं' हे वाक्य ऐकलं की पुढची कहाणी न सांगताच कळायची.

अमेरिकेतल्या ग्रिस्टिना नावाच्या सर्जनने १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं. रॉड आत गेला की एकीकडून शरीराच्या पेशी आणि दुसरीकडून जिवाणू त्याचा पृष्ठभाग बळकवायला धावतात, जो आधी पोचला त्याची जागा. लेप बनवणाऱ्यांची खरी पंचाईत इथे आहे. पेशींना पकड मिळावी म्हणून धातू खडबडीत केला तर ती पकड जिवाणूंनाही मिळते. जिवाणू मारायला जहाल औषध लावलं तर हाडाच्या पेशीही होरपळतात. दोन्ही साधणारा लेप प्रयोगशाळांतून रोज एक निघतो. टायटॅनियमवर विजेने अतिसूक्ष्म नळ्या उगवून त्यात औषध भरणं, कोळंबी-खेकड्याच्या कवचातलं कायटोसन, जस्त, तांबं, स्ट्रॉन्शियम, अगदी सिकाडा कीटकाच्या पंखावर असतात तशा सूक्ष्म टोच्या, ज्यांवर बसलेला जिवाणू फाटूनच मरतो. वाचायला मजा येते. पण पेट्रीडिशमध्ये, फार तर सशाच्या पायात चाललेला लेप आणि माणसाच्या नडगीत चाललेला लेप यांत अंतर मोठं असतं.

माणसांत वापरात आलेल्यांपैकी तुमच्या कामाचा एक. टायटॅनियमच्या रॉडवर विरघळणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा अगदी पातळ थर आणि त्यात जेंटामायसिन हे अँटिबायोटिक. असा रॉड युरोपात २००५ च्या सुमारास आला. त्यातलं बहुतेक औषध पहिल्या दोन दिवसांत बाहेर पडतं. हे ऐकून काहींना फसवल्यासारखं वाटेल, पण तसंच करायचं असतं. शर्यत सुरुवातीच्या तासांतच ठरते, आणि औषध महिनोन्महिने थोडंथोडं झिरपत राहिलं तर त्याला दाद न देणारे जिवाणू तयार होतात. म्हणजे हा लेप पहिल्या दोन रात्रींचा राखणदार आहे. तिसऱ्या आठवड्यात टाके उघडले किंवा कातडी काळी पडली, तर तो कधीच निघून गेलेला असतो.

दुसरा प्रकार ओटीतच बनतो, आणि आपल्याकडे तोच जास्त दिसतो. हाडाच्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिक घालायची युक्ती हॅम्बुर्गच्या बुखहोल्ट्झची, १९७० ची. त्याच सिमेंटचा रॉड करायचा तर ४० ग्रॅमच्या पाकिटात व्हँकोमायसिनची पावडर कालवून ते मिश्रण छातीत घालायच्या नळीत भरतात, मधे बारीक रॉड किंवा जाड तार घालतात आणि घट्ट झालं की नळी चिरून काढतात. सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं, त्यामुळे उष्णतेत टिकणारंच औषध चालतं. आणि औषध पावडरच हवं, इंजेक्शनचं पाणी ओतलं की सिमेंट कच्चं राहतं. हा रॉड मुख्यतः आधीच पू झालेल्या पायासाठी. तो बहुधा तात्पुरता असतो, काही आठवड्यांनी काढून पक्का रॉड घालतात. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: लेपाचा रॉड कंपनीतून तयार आलेला आहे की इथे सिमेंटचा करणार? दुसरं असेल तर पुढे आणखी एक ऑपरेशन गृहीत धरा, त्याचा खर्चही आत्ताच विचारा.

कंपनीचा असेल तर बिलाआधी खोका बघायला मागा. साधे रॉड बऱ्याच ठिकाणी ट्रेमध्ये येतात आणि ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रातून) काढून वापरतात. औषधाच्या लेपाचा रॉड वाफेत घालताच येत नाही, १२१ अंशांत तो थर मऊ होऊन जाईल. तो निर्जंतुक, सीलबंद आणि एक्स्पायरी डेट घालूनच येतो. 'लेपाचा आहे, ऑटोक्लेव्ह करून ठेवलाय' असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. खोक्यातली लॉट नंबरची स्टिकरं केसपेपरवर लावतातच, एक तुमच्या फाइललाही मागून घ्या. भावाला किडनीचा काही त्रास असेल किंवा जेंटामायसिनची अॅलर्जी असेल तर तेही आधीच सांगा.

चांदीचं पाहुण्यांनी सांगितलं ते अगदीच खोटं नाही. चांदीचे आयन जिवाणूंच्या प्रथिनांना चिकटून ती निकामी करतात. पण चांदीचा मुलामा मुख्यतः हाडाच्या कॅन्सरमध्ये मोठा तुकडा काढून बसवतात त्या मोठ्या कृत्रिम सांध्यांवर असतो. त्यातही हाडाच्या आत जाणारा दांडा सहसा चांदीविना ठेवतात, कारण तिथे हाडाने धरायला हवं असतं. काही रोग्यांची त्या भागातली कातडी निळसर पडल्याचीही नोंद आहे. नडगीच्या रॉडसाठी याच्या मागे लागू नका.

आणि हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून आपल्याकडे हळदीची बातमी आली की ऊर भरून येतो, माझाही येतो. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत सुष्मिता बोस यांच्या प्रयोगशाळेत हळदीतलं कर्क्युमिन हायड्रॉक्सिअॅपटाइटच्या लेपात घालून पाहिलंय, बातमी त्या प्रकारचीच असणार. ते शुद्ध केलेलं, मोजून घातलेलं द्रव्य आणि संशोधनाच्या टप्प्यावरचं. आपल्या डब्यातली हळद पिनांच्या भोवती दाबायची नाही. खोबरेल तेल नाही, शेजारच्या आजींचा कसलाही लेप नाही. हे वेगळं लिहावं लागतंय, कारण पिवळ्याधमक पट्ट्या सोडून पिना धुण्यात आमच्या कित्येक सकाळी गेल्या.

लेप महत्त्वाचा नाही असं मी म्हणत नाही. अशा उघड्या फ्रॅक्चरमध्ये, विशेषतः माती-शेण लागलेल्या, पू होण्याचा धोका साध्या फ्रॅक्चरपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तिथेच या रॉडचा विचार करण्यात अर्थ आहे. बंद फ्रॅक्चर असतं तर मी पैसे वाचवा म्हणाले असते. पण लेपापेक्षा मोठ्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिला अँटिबायोटिकचा डोस अपघातानंतर किती लवकर मिळाला, ते आता होऊन गेलं. मेलेलं मांस आणि सुटे हाडाचे तुकडे पूर्ण काढले का, एकदाच धुतलं की पुन्हा ओटीत नेऊन बघितलं? हाड अजून उघडं दिसतंय का? दिसत असेल तर रॉड कुठला यापेक्षा त्यावर मांसाचा फ्लॅप (रक्तपुरवठा राखून दुसऱ्या जागेवरून आणलेला मांस-कातडीचा तुकडा) कधी येणार हा प्रश्न आधी, आणि त्यासाठी प्लास्टिक सर्जन लागेल. फ्रेम लावून किती दिवस झाले, हेही विचारा. पिनांतून घाण आत जायच्या आत, साधारण दोन आठवड्यांच्या आत रॉडवर जाणं बरं मानतात. हातात पैसे मोजकेच असतील आणि लेप की फ्लॅप असं ठरवायची वेळ आली, तर मी फ्लॅपकडे झुकेन. महात्मा फुले योजनेत काय बसतं आणि काय नाही, हे आरोग्यमित्राकडून आधीच स्पष्ट करून घ्या.

तंबाखूचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मीच विचारते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला उशीर होतो आणि फ्लॅप मरायचा धोका वाढतो. वॉर्डात भेटायला येणारे मित्रच उशीखाली पुडी सरकवतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. (आमच्याकडच्या बायका तर मिश्रीला तंबाखू समजतच नाहीत. 'तंबाखू खाता का?' ला ठामपणे नाही म्हणतात. कुणाची आई-सासू ऑपरेशनला जाणार असेल तर मिश्रीचं नाव घेऊन विचारा.) साखर तपासली नसेल तर तीही तपासा, तिशी-पस्तिशीतही निघते.

ऑपरेशननंतर जखम वाहत राहिली, ताप आला किंवा कमी होत आलेलं दुखणं परत वाढलं, तर मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. त्याने पू दबतो आणि तपासणीत जिवाणू सापडत नाही. पू झालाच तर वरवर बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यावर भागवू नये, आतून वेगवेगळ्या जागचे चार-पाच नमुने कल्चरला (जिवाणू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवावेत. आणि हाड जुळायच्या आधी पू झाला म्हणून रॉड लगेच काढायलाच हवा असं नसतं. तो घट्ट असेल तर ठेवून, आत धुऊन, योग्य औषधांवर हाड जुळेपर्यंत निभावता येतं. त्या औषधांत कधी रिफाम्पिसिन असतं. टीबीचं औषध दिलं म्हणून घाबरू नका, ते बायोफिल्ममधल्या स्टॅफिलोकोकसवर चालतं म्हणून देतात, एकटं मात्र कधी देत नाहीत. लघवी केशरी होईल.

फ्रेम कोणत्या तारखेला लावली आणि पिनांच्या भोवती ओल किंवा लाली आहे का, एवढं कळवा. पायाचे फोटो इथे टाकू नका, ते डॉक्टरांनाच दाखवा.